वैऱ्याचा मान

दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरच्या पेठांतून हिंडणाऱ्याला दर चार घरांआड मातीचा एक किल्ला दिसतो. बुरुज असतो, तळे असते, हळीव पेरून उगवलेली हिरवळ असते. सिंहासनावर महाराज असतात, दारांत भालदार असतात. पायथ्याशी भाजी विकणारी बाई आणि गुहेत वाघसुद्धा असतो. नसतो तो फक्त शत्रू. ज्याच्यासाठी तट बांधले, तोफा चढवल्या, त्याला मुलांच्या किल्ल्यात जागा नाही.

ही जागा भरून काढली ती आपल्या ऐतिहासिक कादंबरीने. हरिभाऊ आपट्यांपासून रणजित देसायांपर्यंत ज्यांनी तलवारीच्या कथा लिहिल्या, त्यांना शत्रू रंगवावाच लागला. कधी तो निव्वळ खलपुरुष झाला. परंतु काही पानांवर निराळेच घडते. वार करणारा हात क्षणभर थांबतो, पडलेल्या वैऱ्याला कोणी पाणी देतो, कोणी त्याच्या शौर्यापुढे मान लववतो. नेमकी हीच पाने वाचताना आपला कंठ दाटतो. असे का व्हावे? जो आपल्या माणसांना मारावयास आला, त्याच्याविषयी जिव्हाळा वाटणे हा उदारपणा की मनाचा दुबळेपणा?

ही ओढ जुनी आहे आणि सगळीकडची आहे. वॉल्टर स्कॉटने १८२५ साली लिहिलेल्या ‘टॅलिस्मन’ या कादंबरीत सलादिन वैद्याच्या वेषाने शत्रूच्या छावणीत येतो आणि आजारी रिचर्डला बरे करतो. आपल्याकडे तर भीष्मांची शरशय्या आहे. त्यांना पाडले अर्जुनाने, आणि मस्तकाला बाणांची उशी दिली तीही अर्जुनाने. कौरवांनी आणलेल्या मऊ उशा पितामहांनी नाकारल्या. ज्याने घायाळ केले, त्यालाच त्या घायाळ माणसाला काय हवे हे कळले होते.

मराठ्यांच्या इतिहासात असा प्रसंग शोधावयाचा तर पुरंदरावर जावे. साल १६६५. मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान यांनी गडाला वेढा घातलेला. किल्लेदार मुरारबाजी देशपांडे सातशे निवडक लोकांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले. सभासदाची बखर सांगते की, त्यांची मर्दुमकी पाहून खानाने त्यांना कौल देऊ केला, मान-मरातब देऊ केला. मुरारबाजींनी तो धुडकावला आणि ते थेट खानावर चालून गेले. खानाने आपल्या हाताने तीर मारून त्यांना पाडले, आणि मग ईश्वराने हा कसला शिपाई पैदा केला म्हणून तोंडात बोट घातले.

येथे चिकित्सक वाचक विचारील की, ही कथा सांगतो कोण? सांगतो मराठ्यांचाच बखरकार. आपल्या वीराची थोरवी शत्रूच्या तोंडून वदवली म्हणजे ती दुप्पट होते, ही युक्ती कोणत्या भाटाला ठाऊक नाही? आक्षेप रास्त आहे. दिलेरखानाच्या मनात त्या क्षणी काय आले, हे बखरीवरून ठरवता येणार नाही. परंतु त्या बखरकाराने नकळत आणखी एक गोष्ट केली. मुरारबाजींची स्तुती खऱ्या मोलाची व्हावी, तर ती करणाऱ्यालाही काही मोल असावयास हवे. म्हणून त्याला दिलेरखानाला पारखी नजर द्यावी लागली, चकित होणारे अंतःकरण द्यावे लागले. आपल्या माणसाचा गौरव करण्यासाठी का होईना, त्याने वैऱ्याला माणूस केले.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे, आणि तो आपल्या पन्हाळ्यावरचाच आहे. १६६० साली सिद्दी जौहरने गडाला चार महिने वेढा घातला. शरण येण्याची बोलणी लागली, पहारे सैलावले, आणि १२ जुलैच्या रात्री पावसात महाराज विशाळगडाकडे निसटले. कथेत आपण टाळ्या वाजवतो आणि जौहरला हसतो. पण थोडे थांबावे. जौहर फसला तो शत्रूच्या शब्दावर भरवसा ठेवल्यामुळे. शब्दावर भरवसा ठेवणारा मूर्ख ठरणार असेल, तर रणांगणावर सन्मान कशाच्या आधारावर उभा राहावयाचा? पुढे विजापूर दरबाराने त्याच्यावरच फितुरीचा संशय घेतला. वैऱ्याशी सौम्यपणे वागणाऱ्याकडे स्वकीय कसे पाहतात, याचा हा दाखला आहे.

याचे सोपे उत्तर माझ्यापाशी नाही. वेढ्यात अडकलेल्या राजाने हजारोंचा भार शिरावर असताना गनिमी काव्याचा मार्ग धरला, यात मला अधर्म दिसत नाही. बलाढ्याशी झुंजणाऱ्या लहान राज्याला दुसरे शस्त्र नव्हते. तरीही, आपली सुटका न्याय्य होती म्हणून फसलेला माणूस हास्यास्पद ठरत नाही. चांगल्या कादंबरीने या दोन्ही गोष्टी एका पानावर ठेवाव्यात.

तिसरी गोष्ट तर आपल्याला लाजवणारी आहे. त्याच रात्री पालखीत बसून महाराजांचे सोंग घेतले ते नेबापूरच्या शिवा काशीद यांनी. परंपरा सांगते की, सोंग उघडे पडले आणि त्यांना ठार करण्यात आले. दिलेरखानाने तोंडात बोट घातले तसे त्यांच्यासाठी कोणी घातले नाही. कादंबऱ्यांतील हा वैऱ्याचा मान बहुधा सरदाराकडून सरदाराला मिळतो. तलवारीला तलवार ओळखते, वस्तऱ्याला कोण ओळखणार? जो सन्मान कूळ पाहून दिला जातो, तो एका पंगतीत बसणाऱ्यांचा शिष्टाचार झाला. मरण पत्करण्याचे धैर्य पालखीतल्या त्या नाभिकाचे आणि पुरंदरच्या किल्लेदाराचे एकच होते.

आणि मान नाकारला गेला म्हणजे काय होते? १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे जखमी होऊन पडले होते. कुतुबशहाने त्यांना टोचून प्रश्न केला, बाणेदार उत्तर ऐकले आणि त्यांचे मस्तक कापले. त्या उत्तराने दत्ताजी अमर झाले. त्या कृत्याने कुतुबशहा कायमचा लहान झाला. वर्षभराने, १४ जानेवारी १७६१ला, पानिपत झाले. तेव्हा अब्दालीच्या बाजूने लढणाऱ्या शुजाउद्दौल्याने विश्वासराव आणि भाऊसाहेब यांचे अंत्यसंस्कार त्यांच्या धर्माप्रमाणे व्हावेत म्हणून खटपट केली. त्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने हे लिहून ठेवले आहे. पराभवाच्या त्या काळोखात एवढा एक दिवा परक्याच्या छावणीत लागला होता, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल.

तर मग खरा सन्मान ओळखावा कसा? मुरारबाजींकडेच पुन्हा वळू. ते पूर्वी जावळीच्या मोऱ्यांच्या पदरी होते. १६५६ साली महाराजांनी जावळी घेतली, तेव्हा ते त्यांच्याविरुद्ध लढले आणि मग त्यांचेच झाले, असे सांगतात. पावनखिंड लढवणारे बाजीप्रभूही आधी बांदल देशमुखांचे कारभारी, म्हणजे एके काळचे विरोधकच. ज्या मुरारबाजींनी एका विजेत्याचा हात स्वीकारला, त्यांनी दुसऱ्याचा कौल का झुगारला?

मला भेद दिसतो तो असा. जावळीचा धनी संपला होता, लढाई आटोपली होती. त्या वेळी पुढे आलेला हात मुरारबाजींकडून कोणताही द्रोह मागत नव्हता. दिलेरखानाचा कौल मात्र ऐन झुंजीत आला, आणि त्याची किंमत होती धन्याला सोडणे. वैऱ्याच्या ज्या निष्ठेचे आपण कौतुक करतो, तीच त्याने विकावी अशी अपेक्षा करणे म्हणजे त्याच्या गुणाचा लिलाव करणे होय. खऱ्या सन्मानाची खूण हीच की, तो वैऱ्याला त्याचे कर्तव्य सोडावयास सांगत नाही. तो त्याच्याशी लढतो, प्रसंगी त्याला मारतोही. पण त्याला नासवीत नाही.

म्हणून वैऱ्याविषयीच्या जिव्हाळ्याला मी दुबळेपणा म्हणणार नाही. त्यामुळे लढाई टळत नाही, आणि टळते असे भासवणारी कादंबरी खोटे बोलते. जिव्हाळ्याने एवढेच होते की लढाई संपू शकते. शत्रुत्व हे नाते आहे, ते जन्माला चिकटलेले नसते. काल समोर उभा असलेला माणूस उद्या शेजारी उभा राहू शकतो, एवढी वाट ज्याने मोकळी ठेवली, त्याच्याच पाठीशी घोडखिंडीत बाजीप्रभू उभे राहिले. फराळानंतर मुले अंथरुणावर पडून गोष्ट मागतील, तेव्हा त्यांना खिंडीतला पराक्रम जरूर सांगावा. पण बाजीप्रभू आधी कोणाचे होते, हेही सांगावे.