प्रेक्षकांतला साक्षीदार

२४ मार्च १९७६ रोजी अर्जेंटिनात लष्कराने सत्ता बळकावली आणि माणसं नाहीशी होऊ लागली. घरातून उचलायचं, छळछावणीत डांबायचं. पुढे ना प्रेत, ना मृत्यूचा दाखला. १९८३ साली लोकशाही परतली. चौकशी आयोगाने ८,९६१ बेपत्तांची नोंद केली. मानवी हक्क संघटना आकडा ३०,००० सांगतात. अहवाल हवेत, खटले हवेत. पण त्यांत मारणारे आणि मेलेले एवढेच येतात. शेजाऱ्याला नेताना खिडकी लावून घेणारे असंख्य लोक कुठल्याच नोंदीत नसतात. त्यांची आठवण नाटकाने ठेवली, असं मला वाटतं.

सुरुवात हुकूमशाहीतच झाली. जुलै १९८१ मध्ये ब्वेनोस आयरेसच्या पिकादेरो नाट्यगृहात ओस्वाल्दो द्रागुन, रोबेर्तो कोस्सा आदी नाटककारांनी ‘तेआत्रो आबिएर्तो’ म्हणजे खुली रंगभूमी उभी केली. रोज तीन एकांकिका. ६ ऑगस्टला ते नाट्यगृह बॉम्बने जाळण्यात आलं. खेळ दुसऱ्या थिएटरात गेले आणि गर्दी उलट वाढली. ही कथा शौर्याची म्हणून सांगतात, आणि ती आहेच. मला मात्र त्या गर्दीचं मोल अधिक वाटतं. पाच वर्षं एकेकटा घाबरलेला माणूस तिथे अनोळखी शेजाऱ्यासोबत एकाच वाक्याला दचकला, आणि त्याला उमगलं की हे सगळ्यांनाच ठाऊक आहे.

पुढचं पाऊल अधिक अवघड होतं. एदुआर्दो पाव्हलोव्हस्की हा मानसोपचारतज्ज्ञ, नाटककार आणि नट. १९७८ मध्ये पकडायला आलेल्यांना चुकवून तो निसटला आणि परागंदा झाला. परतल्यावर १९८५ मध्ये त्याने ‘पोतेस्ताद’ हे नाटक केलं, प्रमुख भूमिका स्वतःच. एक बाप शनिवारची दुपार आठवतोय: बायको कुठे बसली होती, मुलगी कुठे होती, दोघींमध्ये अंतर किती होतं. मग कोणीतरी आलं आणि मुलीला घेऊन गेलं. प्रेक्षकांचा जीव त्याच्यासाठी तुटतो. हाही एक बळी, असंच वाटतं. अखेरीस कळतं, तो डॉक्टर आहे. ठार मारलेल्या जोडप्याला तपासायला त्याला बोलावलं होतं, आणि त्यांचं मूल त्याने घरी आणलं. म्हणजे तासभर आपण ज्याच्यासाठी हळहळलो तो चोर होता. गुन्हेगारही मायाळू, घरंदाज, रडणारा असू शकतो, हे निकालपत्र सांगत नाही. इथे ते प्रेक्षकाच्याच दयेतून सिद्ध होतं, म्हणून झटकता येत नाही.

अशी चोरलेली मुलं सुमारे ५००. त्यांचा शोध घेणाऱ्या ‘प्लासा दे मायोच्या आज्या’ या त्यांच्याच आज्यांच्या संघटनेसाठी २००० साली रंगकर्मींनी ‘ओळखीसाठी रंगभूमी’ ही चळवळ सुरू केली. तिची नाटकं पाहणाऱ्या तरुणांना उघड प्रश्न होता: तू कोण आहेस याची तुला खात्री आहे? शंका आलेले पुढे आज्यांकडे चौकशीला येऊ लागले.

लोला आरियासच्या ‘मि व्हिदा देस्पुएस’ (२००९) मध्ये नटमंडळी स्वतःच्याच आईबापांची आयुष्यं उभी करतात. त्यांतल्या एकीचा बाप पोलिसांच्या गुप्तचर विभागात होता, आणि तिचा भाऊ चोरून आणलेला. पोटच्या मुलांनी आईबापाविरुद्ध साक्ष देण्यास तिथल्या कायद्याने मनाई होती. पण ती रंगमंचावरून हे जाहीरपणे सांगतच होती; तोच मुद्दा कोर्टात मांडला गेला आणि तिला साक्षीची परवानगी मिळाली. बापाला शिक्षा झाली, आणि खटला जसा पुढे सरकला तशी नाटकाची संहिताही बदलत गेली. २०२५ च्या मध्यापर्यंत चोरलेल्या १४० नातवंडांची ओळख पटली होती. उरलेली आता पन्नाशीच्या आसपास असतील, आणि त्यांच्यासाठीचे प्रयोग अजून चालू आहेत.