वास्तुशांत आणि वाळू

नव्या घरात राहायला जाण्याआधी वास्तुशांत करतात. जमीन खणताना, झाडे तोडताना जे जीव मेले त्यांच्यासाठीचे ते प्रायश्चित्त, असे पुरोहित सांगतात. मनुस्मृतीने तर गृहस्थाच्या हातून रोज हिंसा घडते अशी पाच ठिकाणेच मोजून दिली: चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. ती टाळता येत नाहीत, म्हणून त्यांच्या प्रायश्चित्ताचे पंचमहायज्ञही रोजचेच.

त्या यादीत नदीची वाळू नाही. काँक्रीटच्या घरांच्या काळात तिला तिथे जागा द्यायला हवी. वाळू पात्रात पाणी धरून ठेवते. ती उपसली की पात्र खोल जाते आणि काठच्या विहिरी आटतात. पंढरपूरला ज्या वाळवंटात वारकरी कीर्तनाला उभे राहतात, तिथेही उपशाचे खड्डे पडले.

मग वाळूऐवजी कारखान्यातला टाकाऊ माल वापरला, तर प्रायश्चित्त झाले का?

कॉपर स्लॅगचेच पाहावे. एक टन तांबे काढताना साधारण दोन टनांहून अधिक स्लॅग मागे उरतो: काळा, जड, काचेसारखा चकचकीत. भारतीय मानक ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीने साध्या काँक्रीटमध्ये ४० टक्क्यांपर्यंत, तर सळईच्या काँक्रीटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत वाळूच्या जागी तो चालेल असे ठरवले. मर्यादेला कारण आहे. स्लॅग पाणी जवळजवळ शोषत नाही. प्रमाण फार वाढले की मिश्रणातले पाणी वर येते.

हाच स्लॅग तमिळनाडूत तुत्तुकुडीजवळ उप्पार ओढ्याच्या काठी साठला होता. एप्रिल २०१८ मध्ये राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने तिथल्या तांब्याच्या कारखान्याला परवानगी नाकारली, त्याच्या कारणांत हा साठाही होता. पुढच्याच महिन्यात कारखान्याविरुद्धच्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि १३ माणसे मेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारखाना बंदच ठेवला.

तुळईत गेला तर नदीची वाळू वाचवणारा, ओढ्याकाठी पडला तर प्रवाह अडवणारा, पदार्थ तोच. पुण्य त्या पदार्थात नाही, तो कुठे, किती आणि कुणाच्या जबाबदारीवर वापरला यात आहे. स्लॅगला गिऱ्हाईक मिळाले म्हणून कारखान्याचे दायित्वही संपत नाही. प्रायश्चित्ताला पश्चात्ताप लागतो, आणि पुन्हा तसे न करण्याचा निश्चयही.

घर घेणाऱ्याने वास्तुशांतीचा मुहूर्त काढण्याआधी बिल्डरला विचारावे: वाळू कुठल्या नदीची, आणि तिच्याऐवजी काही घातले असेल तर त्याच्या चाचणीचा कागद कुठे आहे?