कठडा कोणी बांधावा?

अनुवादाच्या 22 व्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला एक आज्ञा आहे. गच्चीला कठडा घालावा, नाहीतर कोणी पडल्यास त्याचा दोष घरावर येईल. पुढे आपल्या रब्बींनी तिचा विस्तार केला. कठडा दहा मुठी उंच हवा. मोडकी शिडीसुद्धा घरात ठेवू नये. आजची नगरपालिका याहून निराळे काय सांगते? पण ज्याच्याजवळ कठड्यापुरते पैसे नाहीत त्याने काय करावे, हे त्या आज्ञेत नाही.

हा प्रश्न आम्हांला शारजात, मुलाच्या घरी बसून पडला. कोकणातल्या आमच्या सासरच्या घराला नोटीस आली होती. रस्त्याकडची भिंत झुकली आहे, मुदतीत दुरुस्त करा, नाहीतर दंड. नोटीस खोटी नव्हती. त्या भिंतीखालून शाळेची मुले जातात. घरात राहतात धाकटे भाऊजी. पेन्शन तुटपुंजी, पण घर स्वतःचे, म्हणून गाव त्यांना सुखवस्तू समजते!

आमचा जन्म इस्पितळात गेला. डॉक्टरांची चिठ्ठी रोगी घडी करून उशाखाली ठेवी. औषधाला पैसे नाहीत, हे तो कधी सांगत नसे. पुढच्या खेपेला रोग बळावलेला असे आणि आम्ही त्यालाच रागे भरत असू. आज त्याची लाज वाटते. भाऊजींनीही नोटीस कपाटात कपड्यांखाली ठेवली होती.

भिंत एकाची, पण तिच्या खालचा रस्ता सगळ्यांचा. मग सगळ्यांच्या वतीने हुकूम काढणाऱ्याने खर्चालाही थोडा हात लावावा, असे आमचे मत झाले आहे. इथे अमिरातीत 1999 साली शेख झायेद गृहनिर्माण कार्यक्रम सुरू झाला. नागरिकांना घर बांधायला, तसेच जुने दुरुस्त करायला अनुदान किंवा बिनव्याजी कर्ज द्यावे, ही त्याची मूळ कल्पना. आम्ही परके, त्यावर आमचा हक्क नाही आणि तक्रारही नाही. गरिबाकडून व्याज घेऊ नये हे तोरात आहे, आणि यांच्या धर्मातही व्याज निषिद्धच.

मुंबईत 1969 च्या कायद्याने जुन्या भाड्याच्या इमारतींवर उपकर बसवून दुरुस्ती मंडळ निघाले. पुढे ते म्हाडात गेले. भाडी गोठलेली, मालक दुरुस्ती करीना. तेव्हा सर्वांनी थोडेथोडे घालावे आणि ज्याचे छप्पर आजारी त्याच्यावर खर्च करावे. विचार चांगला, पण खर्चाला मर्यादा, वरचा पैसा रहिवाशांनी काढायचा. आणि पैशानेच सारे भागते असेही नाही. भेंडी बाजारातली हुसैनी इमारत आधीच धोकादायक ठरली होती. कागद झाला होता, माणसे मात्र आतच होती. 31 ऑगस्ट 2017 रोजी ती कोसळली आणि 33 जण गेले. आपल्या सॅम्युअल स्ट्रीटपासून ती जागा पायी जाण्याइतकी जवळ.

मग द्यायचे ते दान म्हणून की कर्ज म्हणून? यजमान भिंतीचे सारे पैसे पाठवायला निघाले. भाऊजी फोनवर म्हणाले, "वहिनी, देणगी नको, उसने द्या." यजमानांना राग आला, भावाभावांत कसले उसने? आम्ही भाऊजींची बाजू घेतली. रामबामने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या, त्यांत माणूस पडण्याआधी त्याला उसने देऊन सावरणे सर्वांत वरच्या पायरीवर आहे. अमेरिकेतल्या काही शहरांत असे कर्ज घर विकले जाईल तेव्हा फेडायचे असते. ऐकायला सोयीचे आहे, पण एकुलत्या घरावर बोजा चढवायला म्हातारे माणूस सही करील का, याची आम्हांला शंका वाटते. आणि ज्या शेजाऱ्याने पोटाला चिमटा घेऊन आपली भिंत आधीच बांधली, त्याला काय मिळाले? त्याचा राग आम्हांला खोटा म्हणवत नाही.

भिंत पावसाआधी उभी राहिली. भाऊजी महिन्याला हजार रुपये भरतात. एखादा महिना चुकला की त्यांचा फोन येतो. हवापाणी विचारतात, मुलाबाळांची चौकशी करतात. पैशाचा विषय ते काढीत नाहीत, आम्हीही काढीत नाही. आता पुरे, असे मात्र आम्ही अजून म्हटलेले नाही.