एकदाच सुटलेला झेल

चुकलेल्या माणसाला त्याची चूक किती वेळा दाखवावी, हा प्रश्न मला कोणा तत्त्वज्ञाच्या ग्रंथात भेटला नाही. तो भेटला एका शनिवार-रविवारी, आणि तोही टेलिव्हिजनसमोर चिवडा खाताना.

शनिवारी संध्याकाळी भाचा मला जॅझ ऐकायला घेऊन गेला. सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदातला, गोव्याच्या चिक चॉकलेटचा ट्रम्पेट कानावरून गेलेला. जॅझशी माझा संबंध तेवढाच. पण वादकांपासून दहा हातांवर बसले की न कळणारे संगीतही अंगाला भिडते. मध्येच पियानोवाल्याने जीभ चावली. भाचा कानाशी लागला, "चुकला!" मला पत्ताही नव्हता. कारण सॅक्सोफोनवाल्याने ते चुकलेले सूरच उचलले, घोळवले आणि असे पुढे नेले, की जणू ते तेथेच यायचे होते.

परतताना भाच्याने हर्बी हॅनकॉक यांनी स्वतः अनेकदा सांगितलेली हकीकत ऐकवली. १९६० नंतरच्या दशकात ते माइल्स डेव्हिसच्या साथीला पियानोवर होते. मैफल ऐन रंगात असता त्यांच्या हातून साफ चुकीची स्वरसंगती वाजली. डेव्हिस क्षणभर थांबले, आणि त्यांनी ट्रम्पेटवर असे सूर काढले की ती स्वरसंगतीच बरोबर ठरली. हॅनकॉकना पुढे उमगले, की डेव्हिसना ती चूक अशी वाटलीच नव्हती. काही तरी घडले; आता त्याचे काय करायचे, एवढेच त्यांनी पाहिले.

दुसऱ्या दिवशी, ४ सप्टेंबर २०२२ ला, आशिया चषकातला भारत-पाकिस्तान सामना दुबईत होता. सारी मंडळी आमच्याकडे जमली होती. अठराव्या षटकात रवी बिश्नोईच्या चेंडूवर आसिफ अलीचा सोपा झेल अर्शदीप सिंगच्या हातून सुटला. मैदानावर तो एकदाच सुटला. आमच्या दिवाणखान्यात मात्र किती वेळा सुटला म्हणता! या बाजूने, त्या बाजूने, संथ गतीने. दर खेपेस आम्ही त्या तेवीस वर्षांच्या पोराला नव्याने लाखोली वाहिली. सर्वांत मोठा आवाज माझा.

"दादा, बंद कर ना ते," धाकटा भाऊ म्हणाला. "त्याने एकदाच सोडलाय."

मी चपापलो. त्याचे कारण घरच्यांना ठाऊक आहे. तीस वर्षांपूर्वी ताईच्या लग्नात या भावाने मंगळसूत्राची डबी टॅक्सीत विसरली होती. ती कथा मी दर भाऊबीजेला सांगतो, हातवाऱ्यांसह. सगळे पोट धरून हसतात. तोही हसायचा; अलीकडे पाण्याचा तांब्या आणायला उठून जातो, हे मी पाहिले होते आणि पाहिले नव्हते.

आता, झेल म्हणजे काही सूर नव्हे. सुटलेला झेल पुढच्या खेळाडूने कितीही घोळवला तरी धावफलक बदलत नाही. तो सामना आपण हरलोच. आणि चूक दाखवायचीच नाही म्हटले तर माणूस शिकायचा कसा? हे सारे मी मनाशी घोकले. पण मी कोणाला शिकवीत होतो? अर्शदीपला माझा आवाज पोचत नव्हता, आणि भावाने त्यानंतर काहीच कोठे विसरले नव्हते.

पुढच्या दोन भाऊबिजांना मी ती कथा टाळली. त्याने उलट अधिकच अवघडल्यासारखे झाले. न बोललेली गोष्ट ताटाशेजारी बसल्यासारखी वाटे.

मग २९ जून २०२४ ला, बार्बाडोसमध्ये, विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अर्शदीपने एकोणिसाव्या षटकात चारच धावा दिल्या. भारत ७ धावांनी जिंकला. आम्ही सगळे उभे राहून ओरडलो. भाऊ मात्र माझ्याकडे पाहून नुसता हसला.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला मुलांनी पुन्हा धोशा लावला, तेव्हा मी गोष्टीची सुरुवात टॅक्सीवाल्यापासून केली. कारण डबी घेऊन तो तासाभरात कार्यालयाच्या दारात हजर झाला होता. हे मी आजवर कधी सांगितलेच नव्हते. माझी गाडी तेवढ्यावरच अडली. मग भाऊ तांब्या खाली ठेवून म्हणाला, "बक्षीस घेईना तो. म्हणून मी त्याला पंगतीत माझ्या शेजारी बसवला. पाच लाडू खाल्ले त्याने."

"पाच?" ताईने विचारले.

"पाच. मी मोजले."