आजचं चिंतन: घर बांधावं, पण कुणासाठी?

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताचे चोवीस गुरू येतात. त्यातला साप स्वतःचं घर बांधत नाही, दुसऱ्याने केलेल्या बिळात राहतो.

आपण संसारी माणसं. जोत्याची उंची, सांडपाण्याची वाट, पश्चिमेचं ऊन बघूनच प्लॅन काढायचा. पण नंदुरबारच्या अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली आठवा. लाकडी खांब, बांबूच्या कुडाच्या भिंती, नीट उभारलेली घरं. १९९०च्या दशकात ती सरदार सरोवराच्या पाण्यात गेली. बांधणाऱ्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

म्हणून घर पक्कं बांधा, फक्त पायात 'माझं' भरू नका. नकाशात एक खोली अशी ठेवा, जिथे घर गेलेलं माणूस न लाजता टेकेल.

हरी ॐ.