तराजू तोलणारें सोनें

सत्य बोलावें, याविषयीं दुमत नाहीं. परंतु सत्य बोलण्याची इच्छा असणें आणि सत्य बोलतां येणें या दोन गोष्टी भिन्न आहेत, हें आपल्या फारसें लक्षांत येत नाहीं. जाणूनबुजून खोटें सांगणारा मनुष्य नीतीच्या न्यायासनापुढें चटकन् ओळखूं येतो. मनांत तिळमात्र कपट न ठेवतां जो पूर्ण विश्वासानें चुकीचें सांगतो, त्याला मात्र आपण निर्दोष म्हणून सोडून देतों. पण त्या सांगण्यावर विसंबून ज्याचें नुकसान झालें, त्याच्या दृष्टीनें या दोघांत अंतर तें काय? आपलें माप एकदांही तपासून न पाहतां ‘मला ठाऊक आहे’ असें म्हणण्याचा अधिकार प्रामाणिक मनुष्याला तरी आहे काय? या प्रश्नाचा विचार येथें करावयाचा आहे. आणि तो हवेंत न करतां, पाण्यांतील शिसें मोजण्याच्या एका अगदीं व्यावहारिक उद्योगाच्या आधारें करावयाचा आहे.

‘जालना सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यांत सर्वांच्या परिचयाची आहे. तें सोनें व्यापाराचें होतें. आज जालन्याची ख्याति दोन वस्तूंवर उभी आहे: लोखंड आणि बियाणें. तेथील औद्योगिक वसाहतींत भंगार वितळवून त्याच्या सळ्या काढतात. भंगारावर चालणारी भट्टी जगांत कोठेंही असो, जुन्या पत्र्यांवरील मुलामा व रंग यांतून जस्त, शिसें, कॅडमियम हीं द्रव्यें वाफेच्या रूपानें सुटून धुळींत मिसळतात. ती धूळ नीट पकडली तर ठीक. न पकडली तर ती कोठें तरी जाऊन बसणारच. आतां अशी कल्पना करावी कीं, अशा एका वसाहतीच्या कडेला एका शेतकऱ्याची विहीर आहे. त्यानें पाण्याची बाटली एका प्रयोगशाळेंत दिली. उत्तर आलें, ‘पाणी निर्धोक.’ शेजाऱ्याच्या सल्ल्यावरून दुसरी बाटली दुसरीकडे दिली. उत्तर आलें, ‘शिसें मर्यादेच्या तिप्पट.’ दोन्ही ठिकाणचे विश्लेषक सज्जन आहेत. कोणीं कोणाचे पैसे खाल्लेले नाहींत. मग त्यानें मुलांना तें पाणी पाजावें कीं पाजूं नये? कारखानदाराला दोष द्यावा कीं देऊं नये? लेकरांचें आरोग्य आणि परक्याची अब्रू या दोन्ही गोष्टी एका आकड्यावर टांगलेल्या आहेत.

हा आकडा किती सूक्ष्म असतो तें पाहण्यासारखें आहे. भारतीय मानक १०५०० प्रमाणें पिण्याच्या पाण्याच्या एका लिटरांत शिसें ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक असूं नये. मराठवाड्यांतील वाचकाला टँकरची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. १२,००० लिटरांचा एक टँकर त्यानें डोळ्यांपुढें आणावा. सोनाराची गुंज सुमारें १२० मिलिग्रॅम भरते. म्हणजे गुंजभर शिसें त्या सबंध टँकरांत विरघळलें कीं मर्यादा गांठली! एवढ्या लेशमात्र प्रमाणांत आढळणाऱ्या मूलद्रव्यांना लेशमूलद्रव्यें म्हणतात. टँकरांतील गुंज शोधावयाची, आणि तीही हातांतल्या एका बाटलीवरून, असें हें काम आहे.

येथें मोजणाराच नकळत मोजमापांत भेसळ करतो. बाटलीची कड, आम्लांतील मळ, खिडकींतून आलेली धूळ, बोटांचा स्पर्श, यांपैकीं कशांतूनही विहिरींतल्यापेक्षां अधिक शिसें येऊं शकतें. क्लेअर पॅटरसन या अमेरिकन शास्त्रज्ञानें पृथ्वीचें वय ४५५ कोटी वर्षें असल्याचें १९५६ सालीं प्रसिद्ध केलें. त्या कामासाठीं खडकांतील शिसें मोजतांना त्याला आढळलें कीं, प्रयोगशाळेची हवा, पाणी, भांडीं या सर्वांतच शिसें आहे. तें दूर केल्यावांचून खडकाचें शिसें दिसणारच नाहीं. पुढें समुद्राच्या पाण्यांतील शिशाचे जुने आकडे त्यानें तपासले, तेव्हां त्यांतले पुष्कळसे समुद्राचे नसून प्रयोगशाळांतील मळाचे होते असें निष्पन्न झालें. आपण जगाचें वर्णन करीत आहों अशा समजुतींत मनुष्य पुष्कळदां स्वतःचेंच वर्णन करीत असतो.

यावर शास्त्रज्ञांनीं काढलेला उपाय म्हणजे निर्देशक द्रव्य. माती, गाळ किंवा पाणी यांचा मोठा सांठा घेतात. माती असेल तर ती वाळवून, दळून, चाळून इतकी एकजीव करतात कीं कोणत्याही बाटलींतील चिमूट दुसऱ्या बाटलींतील चिमटीसारखीच असावी. मग निरनिराळ्या पद्धतींनीं व बहुधा निरनिराळ्या प्रयोगशाळांत मोजून प्रत्येक मूलद्रव्याचें प्रमाण ठरवितात, आणि त्या आकड्याशेजारीं तो कितपत अनिश्चित आहे हेंही प्रमाणपत्रांत नमूद करतात. विश्लेषकानें शेतकऱ्याच्या नमुन्याबरोबर हा ज्ञात नमुनाही त्याच आम्लांत, त्याच हातांनीं, त्याच यंत्रावर मोजावयाचा. उत्तर प्रमाणपत्राशीं जुळलें तर विहिरीविषयीं बोलण्याचा अधिकार त्याला मिळाला. न जुळलें तर चूक सांपडेपर्यंत मौन हाच त्याचा धर्म.

ही खबरदारी अनाठायीं नाहीं. अमेरिकेंत ग्रॅनाइट व डायाबेस या दोन खडकांची भुकटी अनेक नामांकित प्रयोगशाळांकडे पाठविण्यांत आली होती. तिचा वृत्तांत १९५१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील डायाबेस हा आपल्या काळ्या कातळाचा जवळचा नातलग. भुकटी एकच असूनही निष्णात विश्लेषकांचीं उत्तरें इतकीं फांकलीं कीं सर्वांनाच आश्चर्य वाटलें. तोंपर्यंत त्यांपैकीं प्रत्येकजण आपलें उत्तर अचूक मानून निश्चिंत होता.

जालन्याला ही कल्पना परकी वाटण्याचें कारण नाहीं. बद्रीनारायण बारवाले यांनीं १९६४ सालीं बियाण्यांची कंपनी स्थापिली ती याच गांवीं. पैदासकार बियाण्यापासून पायाभूत, पायाभूतापासून प्रमाणित, अशी बियाण्याची वंशावळ असते. पहिल्याची चिठ्ठी सोनेरी पिवळी, दुसऱ्याची पांढरी, तिसऱ्याची निळी. निळी चिठ्ठी पाहून शेतकरी पेरतो, तो त्या अखंड साखळीवर विश्वास ठेवून. मोजमापाची वंशावळही अशीच असावी लागते. लोखंडाचेंही तेंच. भट्टींतल्या रसाचा नमुना स्पेक्ट्रोमीटरवर धरून कर्ब किती हें पाहतात. त्या यंत्राला आधीं ज्ञात पोलादाचा तुकडा दाखवावा लागतो. किंबहुना या विद्येचा एक उगमच ओतशाळेंत आहे: १९०५ च्या सुमारास अमेरिकेंतील ओतकाम करणाऱ्यांच्या मागणीवरून तेथील राष्ट्रीय मापनसंस्थेनें बिडाचे प्रमाण नमुने तयार केले. आपल्या मालाचा भाव ठरविण्यासाठीं ज्ञात नमुना अवश्य मानणाऱ्या समाजाला शेजारच्या विहिरीसाठीं तोच आग्रह धरणें जड कां वाटावें?

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. प्रमाणाला प्रमाण कोणतें, ही शंका आपल्याकडे फार प्राचीन आहे. प्रमाणांनीं प्रमेयें सिद्ध होतात, तर प्रमाणें कशानें सिद्ध होतात, असें नागार्जुनानें ‘विग्रहव्यावर्तनी’त विचारलें. दुसऱ्या प्रमाणानें म्हणावें तर त्याला तिसरें हवें, मग अनवस्था. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायांत याच वादांत तराजूचा दृष्टांत आला आहे, आणि वात्स्यायनानें तो खुलवून सांगितला आहे. तराजूनें सोनें तोलतात तेव्हां तराजू प्रमाण व सोनें प्रमेय. परंतु तराजूविषयींच संशय आला कीं वजन ठाऊक असलेल्या सोन्यानें तराजू पारखतात, आणि मग सोनें प्रमाण व तराजू प्रमेय होतो. आजचें निर्देशक द्रव्य म्हणजे हेंच सोनें होय.

यावर आक्षेप येईल कीं, ज्ञात सोन्याचें वजन तरी कोणीं ठरविलें? अनवस्था टळली कोठें? ती टळत नाहीं, हें मान्य केलें पाहिजे. अनेक स्वतंत्र पद्धति एकाच उत्तराशीं येऊन मिळतात तेव्हां तिची धार बोथट होते, आणि उरलेली शंका आकड्याशेजारीं उघडपणें लिहिली कीं ती निरुपद्रवी होते. यापलीकडे मानवी ज्ञानाला दावा करतां येत नाहीं. शिसें लिटरास ०.०१२ मिलिग्रॅम, अधिक-उणें ०.००३, असें उत्तर आलें तर मर्यादा ओलांडली असें छातीठोकपणें म्हणतां येत नाहीं, आणि न ओलांडल्याचा निर्वाळाही देतां येत नाहीं. ‘शंका आहे, पुनः मोजूं, तोंपर्यंत दुसरें पाणी प्यावें’ हेंच तेव्हां सत्य उत्तर होय. तें ऐकणाराला आवडत नाहीं आणि सांगणाराच्या प्रतिष्ठेला शोभत नाहीं. म्हणूनच त्याला धैर्य लागतें.

ज्ञात नमुना जवळ ठेवला म्हणजे सचोटी आपोआप येते असेंही नाहीं. उत्तर आधीं ठाऊक असल्यामुळें त्या बाटलीला हात लावतांना विश्लेषक सणासुदीचा नेटकेपणा दाखवितो, आणि शेतकऱ्याची बाटली रोजच्या घाईंत उरकतो. पाहुण्यांसाठीं घर झाडून घरच्यांना केरांत ठेवण्यासारखेंच हें. म्हणून खरी कसोटी ती, जींत परीक्षेची बाटली कोणती हें परीक्षार्थ्याला माहीत नसतें. शिवाय नमुना आपल्या मातीच्या जातीचा असावा लागतो. दख्खनच्या काळ्या कातळाचा अभ्यास करणारे पुष्कळदां हवाई बेटांतील किलाउआ ज्वालामुखीच्या १९१९ सालच्या लाव्हाची भुकटी आधाराला घेतात. तें योग्यच आहे, कारण दोन्ही बेसाल्टच. पण कापसाच्या काळ्या जमिनीला स्वतःच्या कुळांतला साक्षीदार असावा, ही अपेक्षाही गैर नाहीं. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनें ‘भारतीय निर्देशक द्रव्य’ या नांवानें आणि भाभा अणुसंशोधन केंद्राच्या हैदराबाद येथील शाखेनें स्वदेशी नमुने सिद्ध करण्याचें काम चालविलें आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

तेव्हां आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर असें द्यावें लागतें: सद्हेतु ही प्रामाणिकपणाची पहिली पायरी आहे, संपूर्ण प्रामाणिकपणा नाहीं. ज्याच्या शब्दावर दुसऱ्याचें जीवित अवलंबून आहे, त्यानें आपला तराजू वारंवार परीक्षेला ठेवणें हा सत्याचाच भाग आहे; तो टाळणारा खोटें बोलत नसला, तरी सत्य बोलतो असें म्हणतां येत नाहीं. वैद्य, न्यायाधीश, शिक्षक आणि आम्हीं लेखणी चालविणारे, कोणीही याला अपवाद नाहीं. आणि विहिरीच्या कांठीं दोन कागद हातांत घेऊन उभ्या असलेल्या त्या शेतकऱ्याला, कोणत्याही शास्त्राचा अभ्यास नसतांना, दोन्ही प्रयोगशाळांना एक प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे: “साहेब, माझें पाणी तोललें तें असूं द्या, तुमचा तराजू कोणत्या सोन्यानें तोलला?”