विचारास त्याचे स्थान

मन आवरत नाही, ही तक्रार आश्रमातील साधकाची आहे, तशीच संसारातील उपदेशी मंडळींचीही आहे. स्मरणास बसावे तर उद्याची चिंता उभी राहते. उद्याच्या कामास लागावे तर काल कोण काय बोलले ते आठवते. यावर मन रिकामे करावे असा उपाय सुचविला जातो. तो कानास गोड लागतो. पण ज्याने आचरून पाहिला त्यास ठाऊक आहे की, रिकामे करावयास घेतलेले मन अधिकच भरते. जीवास काही ना काही विषय हवाच असतो. तेव्हा प्रश्न विचार थांबविण्याचा नसून त्यास स्थान देण्याचा आहे.

बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्याच्या गोदातीरी, पांचाळेश्वर हे श्रीदत्तात्रेयप्रभूंचे नित्य भोजनस्थान आहे. भिक्षा कोल्हापुरी, भोजन पांचाळेश्वरी, निद्रा माहुरी, ही परंपरेची श्रद्धा. निरूपणात बहुधा एका दिवसातील एवढ्या संचाराचे सामर्थ्य वर्णिले जाते, आणि ते योग्यच आहे; पण साधकाने त्यातील क्रमही पाहावा. भिक्षेच्या ठायी भोजन नाही, भोजनाच्या ठायी निद्रा नाही. सामान्य जीवाची गत उलटी. तो जेवताना हिशेब करतो, अंथरुणावर भांडतो आणि कामावर असता झोप आठवतो.

याच जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीस जातात. निघण्यापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दोघांनी किती टन तोडले म्हणजे ती उचल फिटेल, हा हिशेब खोपीत पडल्या पडल्या सुरू होतो. अशा माणसास ‘चिंता सोडा’ म्हणणे ही त्याच्या ओझ्याची थट्टा आहे. उचल खरी आहे आणि स्मरणाने ती फिटत नाही. मात्र तोच हिशेब रात्री सातव्यांदा केल्याने एक रुपयाही कमी होत नाही, हेही तितकेच खरे. तो दिवसा, दोघांनी मिळून, वहीत एकदा मांडावा. तेवढा विचार. पुढचा केवळ विकल्प होय.

पण वही मिटल्यावर मन जाईल कोठे? याचे उत्तर पंथाच्या आरंभकाळातच मिळते. स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. त्या असन्निधानात शोकाकुल मनांना शांत बसण्यास कोणी सांगितले नाही. म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांपासून आरंभ करून, ज्यांनी ज्यांनी लीळा पाहिल्या त्यांना गाठून विचारले: कोठे घडले, जवळ कोण होते, स्वामी काय म्हणाले. विरहाने भ्रमलेल्या मनास नेमके काम मिळाले आणि त्यातून लीळाचरित्र उभे राहिले.

त्या ग्रंथपरंपरेची एक रीत विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. दोन आठवणी जुळल्या नाहीत, तर एकीस खोटी न ठरविता तिची ‘वासना’ म्हणून नोंद ठेवली जाते. (वासना या शब्दाचा दुसरा अर्थ सर्वांस परिचित आहेच, तोही येथे अगदीच दूरचा नाही.) अमुक जण मुद्दाम बोलला की सहज, याचा निवाडा करण्यात ज्याची रात्र जाते, त्याने दोन्ही पाठ शेजारी ठेवून द्यावेत. निवाडा त्याच रात्री झाला पाहिजे असे कोठे आहे?

मुखाने नाम चालू असताना मन बाजारात हिंडू शकते. म्हणून नामासोबत लीळा, मूर्ती आणि चेष्टा यांचेही स्मरण सांगितले आहे. एकच लीळा घ्यावी. तिचे स्थान, तेथील माणसे, त्यांचे प्रश्न, स्वामींचे उत्तर, हे क्रमाने आठवीत जावे. पहिल्या रात्री मन दहा वेळा उचलीकडे पळेल. त्यास रागे भरू नये. लीळा जेथे सुटली तेथूनच धरावी, आरंभापासून नव्हे. पहाटे पुन्हा फडावर कोयता हाती घ्यावयाचा असतो. त्याआधीची झोप तरी ज्याची त्यास मिळते.